मिनीपुढं बसवलेला घट

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगते मी, राहीबाई. लिहिते माझी सून शोभा. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, म्हणून ही जोडी जमली. वही माझ्या लेकाच्या, नारायणाच्या, खताच्या दुकानातली, बियाणाच्या कंपनीनं फुकट दिलेली. मी ‘न्हाई’ म्हणते, शोभा ‘नाही’ लिहिते. लिहू दे. शिकलेल्या माणसाला तेवढी हौस असते.

आज मी मिनीवर बसले.

मिनी म्हणजे आमच्या गोठ्यातली ठेंगणी मोटारसायकल. नारायणाचे वडील साखर कारखान्यात कायम झाले तेव्हा त्यांनी आणली. (नाव शोभा लिहील, मी घेणार नाही: सहादेव.) माणूस ताडासारखा आणि गाडी शेळीएवढी. गुडघे कानाला लागायचे. सगळा गाव हसला, पण ते कामावर गेले ते शेवटपर्यंत तिच्यावरूनच. ते वारल्यावर मिनीवर आधी पोती आली, मग कोंबड्या.

गौरी-गणपती झाल्यापासून शोभा आणि मी तिच्यामागं लागलोय. शोभाच्या वडलांचं राहुरीला जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. इतरांच्या पोरी भातुकली खेळल्या, ही पान्यांशी खेळली. इंजिन गंजून धरलं होतं, त्यात डिझेल सोडून ठेवलं आणि रोज थोडं थोडं हलवलं. आज किक खाली गेली. मग मी म्हणाले, “शोभे, धर मला.” बसले. दोन्ही तळपाय भुईला टेकले. खुबा चकार बोलला नाही.

हे एवढं कौतुकानं का सांगते? दोन वर्षांमागं मी नारायणाच्या मोटारसायकलवरून पडले. शाळेपुढच्या गतिरोधकावर. नारायण चालवत होता, मी मागं एका बाजूनं बसले होते, उडाले. खुब्यात सळई घातली. तेव्हापासून उंच गाडीवर पाय टाकता येत नाही. काठीनं मारुतीच्या देवळापर्यंत जाते, त्यापुढं खुबा बस म्हणतो. नारायणानं तर ती मोटारसायकल महिन्याच्या आत विकून टाकली. चांगली चालत होती. पण पैसेवाला झालाय, आता चारचाकीशिवाय हलत नाही. पडले मी आणि गाडीची हौस फिटली त्याची.

चारचाकी सगळीकडं जाते, फक्त बनुबाईच्या वाडीला जात नाही. तिकडं पाटाच्या कडेनं चिंचोळी वाट आहे आणि मध्ये ओढा. बनुबाईच्या ओसरीवर आम्ही बाया गोधड्या शिवायचो, चौघी चार कोपऱ्यांना. हात कमी आणि तोंड जास्त चालायचं. दोन वर्षं नारायण एकच बोलतो, “आई, तुला काय पायजे ते मी घरी आनून देतो.” ओसरी आणून दे म्हणावं.

२० सप्टेंबर, शनिवार

नारायणानं मिनी आबासाहेबाला देऊन टाकली. मला न विचारता.

आबासाहेब आमच्याच आळीतला. शेवगाव रस्त्याला हॉटेल काढतोय, दसऱ्याला उघडणार. दारात उंच खांब रोवलाय, त्यावर मिनी चढवणार, लाल रंग मारून, लाइटांच्या माळा सोडून. लोक खाली उभं राहून फोटो काढतील म्हणे.

जेवताना मी विचारलं, “कुणाला इचारून दिलीस?”

“आई, भंगार हाय ती.”

“भंगार तर मीबी हाय. मलाबी चढव खांबावर.”

“तुमी दोघी गोठ्यात काय करताय ते मला कळत न्हाई व्हय? त्या गाडीवर तू बसायचं न्हाई. म्हंजी न्हाई.”

“का पन?”

“न्हाई म्हनलं ना!”

भाकरी अर्धी टाकून उठला. म्हातारी मी आणि चिडचिड ह्याची. आबासाहेबाला शब्द दिला म्हणून ताठा, दुसरं काय.

टेम्पो उद्याच यायचा होता, पण उद्या सर्वपित्री अमावास्या. आबासाहेब अमावास्येला चाक हलवत नाही. सोमवारी सकाळी येतो म्हणाला. मला हसू आलं. सोमवारी काय आहे हे त्या बाप्याच्या ध्यानातच नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

पितरांचा घास वर पत्र्यावर ठेवला. कावळा पानावर तुटून पडला. त्यांना मिनीचं कळलेलं दिसतंय.

शोभाला म्हणाले, “वावरातली काळी माती आन पाटीभर.”

“घटाची माती आनून ठिवलीया, आत्याबाई. देवघरात हाय.”

“देवघरात ऱ्हाऊ दे. मला गोठ्यात पायजे.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पाटी घेऊन गेली. दोन पाट्या आणल्या.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवला. गोठ्यात, मिनीच्या पुढच्या चाकाला लागून. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, वर घट, नारळ, विड्याची पानं. नंदादीप लावला. माळ बांधायला वर आढं लांब पडत होतं, म्हणून सुतळी मिनीच्या हँडलवरून घेतली. आता मिनी हलली तर माळ हलेल, माळ हलली तर घट हलेल, आणि घट दसऱ्याशिवाय कुणी हलवत नाही.

आबासाहेब टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. दारातच चपला काढल्या. हात जोडले. मग डोळे उघडून नीट बघितलं.

“काकी, ह्ये काय केलं?”

“घट बसवला. तुला हलवायचा आसंल तर हलव.”

“मी कसा हलवू? मला पाप लावता का?”

“मंग ऱ्हाऊ दे.”

“आवो, दसऱ्यालाच माझं हाटेल उघडायचंय.”

“दसऱ्याला घट उठल, तवा ये. तोवर मिनी आपल्या पायानं चालाया लागली, तर तिलाच इचार खांबावर येती का. आन् न्हाई लागली, तर घिऊन जा. मी आडवी येनार न्हाई.”

हमाल हसले. आबासाहेबही हसला. “ठरलं काकी,” म्हणाला आणि पाच रुपये घटापुढं ठेवून रिकामा टेम्पो घेऊन गेला.

नारायण मात्र हसला नाही. “देवघर सोडून गोठ्यात घट? लोक काय म्हनतील?”

“गोठ्यात गाई हुत्या तवा लक्ष्मी म्हनून पाया पडत हुतास. घट कुटं बसवायचा ते घरातली थोरली बाई ठरवती. तुजी बायको थोरली झाली की तिला इचार.”

तो गेल्यावर मी लई खुशीत होते. शोभा दाराशी कपाळाला हात लावून उभी.

“आत्याबाई, दिवा नऊ दिवस विझवायचा न्हाई ना?”

“न्हाई.”

“आन् मिनीत पेट्रोल घालायचं का न्हाई?”

माझ्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. जळता दिवा आणि पेट्रोल एका जागी. मिनीसकट गोठा जाईल आणि गोठ्यासकट सासू. म्हणजे दसऱ्यापर्यंत गाडी चालू करून बघायची सोयच नाही. सगळे भाग जोडायचे, आणि एकदम दसऱ्याला, सगळ्या गावापुढं, पहिली किक. मीच गाडी अडकवली आणि मीच अडकले.

पेट्रोलचा कॅन शोभानं उचलून परसात लांब नेऊन ठेवला. हे वहीत लिहू नको म्हणाले, तर तिनं आधीच लिहिलंय म्हणते.

२४ सप्टेंबर, बुधवार

घट आहे म्हणून गोठ्यात पायताण नाही. शोभा अनवाणी काम करते. आज पाना अंगठ्यावर पडला. देवीसमोर जे बोलली ते वहीत घेत नाही.

मिनीचे भाग कुठं मिळत नाहीत. नगरला दोन दुकानांत विचारलं, एकजण हसला, दुसऱ्यानं ‘ही गाडी अजून आहे का’ म्हणून फोटो मागितला. मग घरीच करायचं ठरलं. कार्बोरेटरच्या सांध्याचं पॅकिंग मी कापलं, लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून. शोभानं शाईनं छाप घेऊन दिला आणि मी कात्रीनं तंतोतंत काढलं. गणपतीचं चित्र येणार नाही असा तुकडा घेतला. इंजिनात देव कशाला तापवायचा? पाय ठेवायचे दांडे बाभळीचे, वर जुन्या टायरचं रबर. सायलेन्सरला भोक होतं, त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा तारेनं गुंडाळला. क्लचची वायर जुन्या मोटारसायकलची निघाली, नारायणानं विकताना मागं ठेवलेली जादाची. खुंटीला टांगून ठेवली होती, का कुणास ठाऊक.

आणि गादी मी शिवणार. त्यात कुणाचं ऐकणार नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

यंदा नवरात्रात एक दिवस जादा आहे, पंचांगातच. देवीनं बरोबर बघून दिलाय. कारण कालचा दिवस मी वाया घालवला.

गादी अशी शिवली की काय सांगू. लुगड्याचे पदर, खाली जुनं सुती, मध्ये आणखी थर, पुन्हा थर. लेकीच्या रुखवतात ठेवावी अशी. टाका टाक्याला लागून. शोभा मध्येच म्हणाली, “आत्याबाई, बास की.” मी म्हणाले, “तू पाने आवळ.”

आज गादी मिनीवर बसवली आणि मी तिच्यावर बसले. पाय लोंबकळले. भुईला टेकेनात.

शोभा तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. ठेंगणी गाडी म्हणून मिनीचा हट्ट, आणि मीच तिला उंच करून ठेवली. दिवसभर टाके उसवत बसले. लावताना जेवढा वेळ लागला तेवढाच उसवायला. तेवढ्यात नारायण डोकावला. उसवलेल्या थरांचा ढीग बघितला, मला बघितलं.

“पाय टेकले पायजेत,” म्हणाला. एवढंच. आणि गेला.

टोमणाच असणार.

२८ सप्टेंबर, रविवार

कालपासून पाऊस थांबेना. रानं तळ्यासारखी झाली. ओढ्याला पूर आलाय. कपाशी गेली म्हणून आळीतली माणसं गप्प बसून आहेत.

गोठ्याचा पत्रा गळतो. सकाळी दिवा बघायला गेले तर नारायण तिथं उभा. पाण्यानं भिजून चिंब. दुकानातला ताडपत्रीचा मोठा कागद आणून पत्र्याखाली बांधला होता. घटावर एक कोपरा आणि बाकी सगळा मिनीवर.

“आरं, घट झाकायचा सोडून मिनी काय झाकतोस? येड्या!”

“कागद मोठा हुता,” म्हणाला.

त्याला कधी नीट मापात काम करता आलं नाही. शाळेतही असाच होता.

बनुबाईचा फोन आला. कानानं कमी ऐकते म्हणून ओरडून बोलते. “राहे, दसऱ्याला सोनं द्यायला येतीस का?” मी म्हणाले येते. “मागल्या दसऱ्यालाबी येते म्हनलीस!” म्हणाली आणि फोन आपटला. खरं बोलली म्हणून राग आला.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. मी पहाटेच उठून सगळं मांडलं. विळे, कुऱ्हाड, कात्री, सुया, आणि शोभाचे झाडून सगळे पाने पाटावर ओळीनं लावले. हळद-कुंकू, फूल. छान दिसत होतं.

शोभा अंघोळ करून आली आणि किंचाळली. “आत्याबाई! मागचा ब्रेक आवळायचा राहिलाय!”

आता हत्यारं बसली. बसलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, ही रीत माझ्या सासूपासूनची.

“उद्या घट उठल्यावर आवळ.”

“उद्या सकाळीच टेम्पो यील. त्या आधी प्लग बघायचा, पेट्रोल घालायचं. कवा आवळू?”

नारायण दारात उभा होता. “पुढचा लागतो का?” त्यानं विचारलं.

शोभा म्हणाली, “पुढचा लागतो.”

“आन् मागचा?”

“न्हाई.”

चहा न घेता दुकानात गेला. त्याला काय, उद्या गाडी खांबावर चढली की सुटला.

मला भीती वाटते का? शोभा विचारते. लिही, वाटते. चालू झाली नाही तर सगळ्या आळीसमोर माझं हसं होईल, त्याची नाही. मी आबासाहेबाला शब्द दिलाय. मिनी गेली की पुन्हा मारुतीच्या देवळापर्यंतच जायचं, मरेपर्यंत. त्याची वाटते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. रात्री शोभा इतकी दमली होती की पेन धरवेना. आज सगळं सांगते.

घट उठवायला गेलो तर पाटावरच्या एका पान्याचं हळद-कुंकू पुसलेलं, आणि मिनीचा मागचा ब्रेक आवळलेला. दाबून बघितला, चाक जागच्या जागी थांबलं. मी शोभाला धरलं. “बसलेल्या हत्याराला हात लावलास?” ती देवीची शपथ घेऊन म्हणते, मी नाही. मग कुणी, देवीनं? देवी काय पाने फिरवत बसते? मी तिला सकाळभर बोलले. नारायण नळावर कपड्याचा साबण लावून हात घासत होता. त्यानं सगळं ऐकलं, पण बायकोची बाजू घेतली नाही. हात काळे कशानं झाले विचारलं तर म्हणाला, दुकानातलं औषध सांडलं.

घट उठवला. मिनी अंगणात ओढली. पेट्रोल घातलं. आबासाहेब टेम्पो घेऊन हजर, आळी गोळा. शोभा नारायणाचे जुने बूट घालून किक मारायला लागली. एक नाही, दोन नाही. घाम आला, पोटरी भरून आली. प्लग काढून पुसला. पुन्हा किक. मिनी नुसती खोकायची. आबासाहेब टेम्पोच्या पायरीवर बसून म्हणाला, “वहिनी, दमला आसाल तर दोर सोडू का?”

मी म्हणाले, “दोर गुंडाळ. शोभे, बस तिच्यावर. दुसऱ्या गेरात टाक. बायांनो, ढकला!”

आळीतल्या बाया पुढं आल्या. पैठणी नेसलेल्यासुद्धा. ढकलत फाटकापर्यंत नेली, शोभानं क्लच सोडला आणि मिनी असली भडकली की कोंबड्या पत्र्यावर गेल्या. धुरात कुणाचं तोंड दिसेना.

“काकी, धूर लई हाय,” आबासाहेब म्हणाला.

“तुज्या हाटेलातबी व्हनारच हाय. तवा काय गिऱ्हाईक परत धाडनार का?”

त्यानं हात जोडले. खांबावर आता जुन्या बैलगाडीचं चाक लावतो म्हणाला. रिकामा टेम्पो दुसऱ्यांदा गेला.

मी शोभाच्या मागं बसले. दोन्हीकडं पाय टाकून, लुगड्याचा काष्टा मारला होताच. तर नारायण फाटकात आडवा उभा.

“आई, कुटं?”

“बनुबाईला सोनं द्यायला.”

“ओढ्याला पानी हाय.”

“फरशीच्या पुलावरून पायाच्या घोट्याएवढं हाय. मी आबासाहेबाच्या गड्याला इचारलं.”

“आई, उतर. पाया पडतो तुज्या.”

“दसऱ्याला गडी मानसं शीव ओलांडतात, सोनं लुटून आनतात, आन् आमी दारात ताट घिऊन उभ्या. आयुक्षभर उभी राह्यले. ह्या वर्षी ताट तू धर.”

तो हलेना. मग शोभा बोलली. लग्न झाल्यापासून नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली बाई. चढवला नाहीच, हळूच म्हणाली, “सरा बाजूला.”

सरला.

पाटाची वाट. दोन वर्षांत बाभळी किती वाढल्या! शीव गेली, ओढ्याची फरशी गेली, पाय वर घेतले तरी लुगडं भिजलं. बनुबाई ओसरीवर बसली होती. धूर बघून आधी तिला वाटलं फवारणीवाला आला.

“आगं, तू हायस व्हय? मेली न्हाईस अजून?”

“तुज्या आधी कशी मरू? माझ्या टाक्यांना नावं कोन ठिवनार?”

तिनं सोनं घेतलं, मला कवटाळलं, आणि लगेच मिनीच्या गादीवर हात फिरवून म्हणाली, “टाके लांब पडलेत.” उसवून पुन्हा शिवलेले म्हणून लांब पडलेत, हे मी तिला सांगितलं नाही. दुपारभर बसलो. पंकजा, तिची सून, हिनं भज्यांचे घाणे काढले. किती बोललो ते वहीत मावणार नाही आणि काही शोभानं लिहू नये असं आहे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नारायण आला. चालत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

“चला,” म्हणाला.

शोभा उठली तर पोटरी धरली. किका मारून सुजली होती, पाय टाकवेना. मी म्हणाले, “नारायणा, तू चालव.”

“न्हाई. मी न्हाई. शोभा चालवल सावकाश.”

“तिचा पाय बघ. मला चालत नेतोस का पाठुंगळी?”

“आई, दुसरं काईबी सांग.”

“दुसरं काय सांगू? बायांपुढं लाजतोस व्हय? तुजा बाप ह्याच गाडीवर गुडघे कानाला लावून फिरला, त्याला न्हाई लाज वाटली.”

पंकजा म्हणाली, शोभाताई पाय शेकून मागून येतील, त्यांच्यासोबत मी येते. मग त्यानं हँडल धरलं. दोनदा सोडून तळहात विजारीला पुसले. नवरात्राचे उपास त्याला सोसत नाहीत, दरवर्षी सांगते.

“दोनीकडं पाय टाकून बस,” म्हणाला. “मला धर. घट्ट. सोडू नगंस.” माझे हात त्यानं स्वतः ओढून आपल्या पोटावर बांधून घेतले, जसं मी त्याला लहानपणी झोळीत बांधायची तसं.

निघालो. पहिल्या गेरात, आणि दोन्ही पाय भुईला घासत. गाडी चालतेय का माणूस चालतंय कळेना. बाजूनं एक म्हैस आम्हाला मागं टाकून गेली.

“नारायणा, ह्या चालीनं घरी दिवाळी यील.”

“पडशील, आई.”

“पडले तर मी पडंन. खुबा माझा, सळई माझी. मागल्या टायमालाबी मीच पडले, तू कुटं पडला हुतास? गेर टाक!”

शोभा म्हणते, गाडी दिसायची बंद झाली तरी मागं माझा आवाज येत होता.

तो नुसता पुढं बघत होता, मान ताठ करून. फरशी आली. पाणी ओलांडलं. पलीकडं चढ लागला तेव्हा त्यानं दोन्ही पाय उचलून दांड्यांवर ठेवले आणि दुसरा टाकला.

तिसरा त्यानं आपणहून टाकला.